नीटचे मार्क नकोत, मेरिट नंबर सांगा: मेडिकलच्या जागेचा अंदाज घरच्या घरी कसा काढायचा

मी विट्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. नीटचा निकाल लागला की खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलूसकडून फोन सुरू होतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, पोराला एवढे एवढे पडलेत, मिरज मिळंल का?" नुसत्या मार्कांवरून याचं उत्तर देता येत नाही. जो ठामपणे देतो, त्याच्यावर विसंबू नका. उत्तर काढायची एक रीत आहे. ती दहावी शिकलेल्या आईबापांनाही जमते आणि त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

मार्कांनी फसगत का होते ते आधी बघा. २०२४ साली ज्याला ७२० पैकी ६०० पडले, त्याचा ऑल इंडिया नंबर ८० हजारांच्या घरात होता. २०२५ ला फिजिक्सचा पेपर असा काही आला, की ६०० च्या वर अख्ख्या देशात जेमतेम तेराशे विद्यार्थी राहिले. देशात पहिला आला त्याला ६८६. तेच ६०० मार्क एका वर्षी ओपनच्या पोराला राज्यातलं सरकारी कॉलेज मिळवून द्यायला कमी पडले, आणि दुसऱ्या वर्षी त्याच मार्कांवर देशातल्या नावाजलेल्या कॉलेजांचे पर्याय खुले होते. म्हणून "आमच्या भाच्याला अमुक मार्कांना मिळालं होतं" ही माहिती भाच्याच्या वर्षापुरतीच खरी.

दुसरा घोटाळा 'क्वालिफाय' या शब्दाचा होतो. २०२५ ला ओपनसाठी १४४ मार्कांना आणि ओबीसी, एससी, एसटीसाठी ११३ मार्कांना पात्रता मिळाली. परीक्षेला बसले २२ लाख, पात्र ठरले १२ लाखांच्या वर, आणि सरकारी, खासगी, डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठांची, सगळं धरून देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. स्कोअरकार्डावर क्वालिफाइड लिहून आलं म्हणून पेढे वाटायला हरकत नाही, पण त्यावर घर गहाण टाकायचा विचार करू नका. पात्रता म्हणजे फक्त फॉर्म भरायचा हक्क.

मेरिट नंबर काढायचा कसा

स्कोअरकार्डावर ऑल इंडिया रँक असतो, त्याला सगळे एआयआर म्हणतात. पण मिरज, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या सरकारी कॉलेजांतल्या १०० पैकी ८५ जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, बाकीच्या १५ ऑल इंडिया कोट्यातून. तिथं चालतो स्टेट मेरिट नंबर, म्हणजे एसएमएल. फॉर्म भरून झाल्यावर राज्याचा सीईटी सेल, म्हणजे प्रवेशाचं काम बघणारं सरकारी कार्यालय, ही यादी लावतो. महाराष्ट्रातल्या नोंदणी केलेल्या मुलांना त्यांच्या एआयआरच्या क्रमानं ओळीत उभं करायचं, एवढाच तिचा अर्थ.

यादी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. सीईटी सेलच्या वेबसाइटवरून मागच्या वर्षीची स्टेट मेरिट लिस्ट उतरवून घ्या. तिच्यात एसएमएल आणि एआयआर शेजारी शेजारी असतात. तुमच्या मुलाचा यंदाचा एआयआर समजा ५२,००० आहे. त्या यादीत ५२,००० च्या जवळचा एआयआर शोधा आणि त्याच्यापुढचा एसएमएल कागदावर लिहा. यंदा तुमचा नंबर त्याच्याच आसपास येईल. दोन वर्षांच्या याद्यांत हेच करा, दोन्ही आकडे लिहा, आणि त्यातला वाईट आकडा धरून पुढं चला.

आता दुसरी यादी उतरवा, मागच्या वर्षीची सिलेक्शन लिस्ट. प्रत्येक कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, वेगळी असते. ही पीडीएफ शेकडो पानांची असते, पण घाबरू नका. शक्यतो मोबाइलवर नको, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर उघडा. आता दोन रकाने नीट बघा. एकात मुलाचा प्रवर्ग असतो, दुसऱ्यात त्याला जागा कुठल्या कोट्यातून मिळाली ते असतं. लोक नेमके इथेच चुकतात. ओबीसीचा मुलगा मेरिटमध्ये वर असला तर त्याला ओपनची जागा मिळते. त्याचा नंबर ओबीसीचा कटऑफ म्हणून धरलात तर हिशेब सगळा वर सरकतो आणि विनाकारण धीर खचतो. म्हणून शोधायचं ते कोट्याच्या रकान्यात. कॉलेजचं नाव मिरज, कोटा ओबीसी, आणि त्यातला सगळ्यात शेवटचा एसएमएल. तो लिहून घ्या. मग सातारा, कोल्हापूर, सोलापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, असं करत एका वहीच्या पानावर पंधरा-वीस कॉलेजं उतरवा. मुलगी असेल तर तिच्यासाठी वेगळं पान करा, कारण सरकारी कॉलेजात प्रत्येक प्रवर्गातल्या ३० टक्के जागा मुलींच्या असतात आणि तिथला शेवटचा नंबर बऱ्याचदा थोडा खाली जातो.

पहिल्या राउंडचा शेवटचा नंबर आणि शेवटच्या राउंडचा शेवटचा नंबर यांत बरंच अंतर असतं. मधल्या काळात कुणी ऑल इंडियातून जातं, कुणी एम्सला जातं, कुणी वरच्या कॉलेजात सरकतं, आणि जागा खाली उतरत येतात. तुमचा नंबर पहिल्या राउंडच्या आत बसत असेल तर जागा बरीचशी पक्की. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये असेल तर दम धरायचा, प्रत्येक राउंडला फॉर्म भरायचा. तिसऱ्याच्याही बाहेर असेल तर त्या कॉलेजवरचा जीव काढून घ्यायचा आणि पुढच्या ओळीकडे बघायचं.

छोट्या प्रवर्गांना एक सांगते. मिरजेला २०० जागा आहेत. त्यातल्या ३० ऑल इंडियाच्या, राहिल्या १७०. यात ओबीसीचे १९ टक्के म्हणजे बत्तीसेक जागा, एनटी-सीचे (धनगर) साडेतीन टक्के म्हणजे सहा, आणि एनटी-डीचे (वंजारी) दोन टक्के म्हणजे तीन-चार. साताऱ्याला १०० च जागा, तिथं एनटी-सीच्या तीनेक आणि एनटी-डीच्या तर एक-दोनच. इतक्या थोड्या जागांचा शेवटचा नंबर एखाद्या मुलाच्या आवडीनिवडीनं दरवर्षी वर-खाली होतो. धनगर, वंजारी, भटके विमुक्त समाजाच्या मुलांनी एका कॉलेजचा आकडा धरून बसू नये. आपल्या प्रवर्गाची राज्यातली शेवटची सरकारी जागा कितव्या नंबराला गेली ते दोन-तीन वर्षांचं बघावं. तोच आकडा भरवशाचा.

७०:३० चं काय, असं अजून विचारतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी जी विभागवार वाटणी होती, ती २०२० साली रद्द झाली. आता लातूरचा, नागपूरचा आणि विट्याचा मुलगा एकाच रांगेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या जागांवर आपलाही तितकाच हक्क आहे, हे प्रेफरन्स भरताना आठवा. २०२४ ला जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली, अमरावती, अंबरनाथ अशी नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. लांब आहेत, इमारती अजून पूर्ण व्हायच्या आहेत, पण फी सरकारी आणि डिग्री तीच.

गलाईवाल्या घरांसाठी, कळकळीनं

हे मी दरवर्षी सांगते, कारण याचा फटका आपल्याच तालुक्यांना बसतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या भागातली किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी तमिळनाडूत, केरळात, दिल्लीत, उत्तर प्रदेशात आहेत! घर गावात, शेत गावात, मतदान गावात, आणि पोरं शिकतात तिकडं. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. केंद्र सरकारच्या किंवा सैन्यातल्या नोकरीमुळे बाहेर बदली झालेल्यांच्या मुलांना सूट आहे. धंद्यासाठी गेलेल्यांना नाही.

एक मुलगी माझ्याकडे आली होती. दहावी कोइमतूरला, बारावी विट्याला, मार्क उत्तम. जातीचा दाखला, जात वैधता (व्हॅलिडिटी), सगळं तयार. दहावीच्या मार्कशीटवरचं शाळेचं गाव बघितलं आणि मला पुढं काय बोलावं ते सुचेना. तिला राज्याच्या कोट्यातून फॉर्म भरता आला नाही. ऑल इंडियातून लढली, पण तिथं रँक बराच वरचा लागतो. अशा मुलांना उरतात ते ऑल इंडिया कोटा, डीम्ड आणि खासगी कॉलेजचा जादा फीचा इन्स्टिट्यूट कोटा. शिकले त्या राज्याचे नियमही तपासावेत.

म्हणून मूल आठवीत असतानाच ठरवा. डॉक्टर करायचं मनात असेल तर नववीपासून गावाकडं आणा, आजीजवळ ठेवा, नाहीतर हॉस्टेलला ठेवा. हेच राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाणाऱ्यांना. क्लास तिकडं करा, पण बारावीचं ॲडमिशन तिथल्या शाळेत घेऊ नका.

कागद निकालाच्या आधी

मेरिट नंबर चांगला असूनही जागा जाते ती कागदामुळं. डोमिसाइल, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरचे अर्ज तहसीलच्या सेतू केंद्रात घेतात. जूनमध्ये तिथं गर्दी उसळते, म्हणून एप्रिलमध्ये अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअरवरची मुदत वाचा. ती ३१ मार्चला संपते, आणि प्रवेशाच्या वर्षात चालणारंच लागतं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही दरवर्षी नवा. राज्यात एसईबीसीमधून, म्हणजे मराठा आरक्षणातून फॉर्म भरणाऱ्याला ईडब्ल्यूएसचा लाभ घेता येत नाही. केंद्राच्या ऑल इंडिया कोट्यात मात्र एसईबीसी हा प्रवर्गच नाही, तिथं तोच मुलगा ओपन, किंवा नियमात बसला तर ईडब्ल्यूएस. ओबीसी, एनटीवाल्यांना ऑल इंडियासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला तिथं चालत नाही.

सगळ्यात वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. अकरावीला विज्ञान शाखेत नाव घातलं की त्याच वर्षी अर्ज करा, कॉलेजमार्फत जातो. समितीला जुने पुरावे लागतात. एससीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली असेल तर काम निम्मं झालं. ते शिकलेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुनी खरेदीखतं शोधा. सख्ख्या काकाला किंवा चुलत भावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, फार उपयोग होतो. आडनावाच्या स्पेलिंगमधला फरक, आधारवर एक नाव आणि बोर्डाच्या मार्कशीटवर दुसरं, हे आत्ताच दुरुस्त करून घ्या. कागदपत्र तपासणीच्या दिवशी दुरुस्तीला वेळ नसतो.

जावळी, महाबळेश्वर, पाटण अशा डोंगरी भागातल्या मुलांना थोड्या राखीव जागा असतात. शिराळ्याकडच्यांनीही माहितीपुस्तिकेतली तालुक्यांची यादी बघावी. माजी सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्स कोटा आहे, आणि सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सैनिकांची घरं कमी नाहीत. या कोट्यांचा दाखला फॉर्म भरतानाच जोडावा लागतो, नंतर कुणी ऐकत नाही.

प्रेफरन्स भरताना

इथं लोक नको तेवढं डोकं चालवतात. "मुंबई वर टाकली आणि नाही मिळाली तर मिरजही जाईल" असं घरोघरी ऐकते. तसं होत नाही. कॉम्प्युटर एकेका मुलाला मेरिटच्या क्रमानं घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जातो. जी पहिली जागा त्याच्या प्रवर्गात शिल्लक असेल ती देतो. वर अवघड कॉलेज टाकल्यानं खालच्याचा हक्क जात नाही. म्हणून यादी मनाच्या क्रमानं लावा. सगळ्यात हवं ते पहिलं, मग त्याच्याखालचं. वहीतला कटऑफ यादीची लांबी ठरवायला वापरा, क्रम ठरवायला नाही. नंबर काठावर असेल तर राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं टाका. मिळालं तर जाणार नाही, असं कॉलेज मात्र एकही टाकू नका.

पुढच्या राउंडला एक धोका असतो. जागा घेऊन तुम्ही पुन्हा वरच्या कॉलेजसाठी प्रेफरन्स दिले आणि त्यातलं एखादं मिळालं, तर आधीची जागा आपोआप सुटते, परत मिळत नाही. म्हणून हातातल्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगली वाटतात तेवढीच नावं द्यायची. आहे ती जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म वेळेत भरायचा.

ऑल इंडिया कोटा आणि डीम्डसाठी एमसीसीचा, म्हणजे केंद्राच्या काउन्सेलिंग समितीचा फॉर्म वेगळा असतो. कृष्णा, कराड आणि भारती विद्यापीठ, सांगली ही दोन्ही डीम्ड, तिथं राज्याचा एसएमएल चालत नाही, एआयआर चालतो. डीम्डसाठी नोंदणी करतानाच दोन लाखांचं डिपॉझिट भरावं लागतं, ऑल इंडियाच्या सरकारी जागांसाठी ओपनला दहा हजार. पहिल्या राउंडला मिळालेली जागा घेतली नाही तरी डिपॉझिट जात नाही. दुसऱ्यापासून जातं. पुढं पुढं नियम कडक होत जातात, शेवटच्या स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या राउंडची जागा सोडता येत नाही. हौस म्हणून तिथं नाव टाकू नका.

फीचं गणित फॉर्मच्या आधी घरात बसून करा. सरकारीला वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास. खासगीला दहा लाखांच्या आगेमागे, काही ठिकाणी बरीच जास्त, आणि इन्स्टिट्यूट कोट्यात तिच्या कित्येक पट. डीम्डला वीस लाखांच्या पुढं, वर हॉस्टेल. कॅपमधून खासगी कॉलेज मिळालेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींची, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. हे ठाऊक नसल्यामुळं मुलींसाठी खासगी कॉलेजचे प्रेफरन्स न भरणारे बाप मी पाहिलेत. डीम्डला ही सवलत नाही. खासगीत आरक्षणाच्या टक्केवारीही सरकारीसारख्या नसतात, तेव्हा त्यांचं पान वहीत वेगळंच ठेवा.

"सीट काढून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटेलच. आता एमबीबीएसची एकही जागा, मॅनेजमेंटची असो की एनआरआयची, काउन्सेलिंगच्या बाहेरून भरता येत नाही. आगाऊ रक्कम मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नंबर बसत नसेल तर

वहीतली सगळी पानं बघूनही नंबर बाहेर जात असेल, तर रिपीट करायचं का? मी मुलाला दोन गोष्टी विचारते. शेवटच्या पाच-सहा टेस्टमध्ये मार्क चढत होते का? आणि कमी पडले ते कुठल्या विषयात? बायोलॉजीत ३६० पैकी ३०० च्या वर असतील आणि फिजिक्सनं मारलं असेल, तर एक वर्ष द्यायला मी हरकत घेत नाही. फिजिक्स वर्षभरात सुधारतं. तिन्ही विषय सारखेच पडले असतील आणि मूल थकलेलं दिसत असेल, तर आईबापांनी हट्ट धरू नये.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएसची दारं याच नीटच्या मार्कांवर आणि याच सीईटी सेलच्या फॉर्मवरून उघडतात. साताऱ्याचं आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय आयुर्वेदासाठी जुनं आणि जाणतं आहे. जनावरांचा लळा असलेल्या, गोठ्यात वाढलेल्या पोरांना मी आवर्जून पशुवैद्यकीय सांगते. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. नीटचाच स्कोअर लागतो, पण फॉर्म सीईटी सेलचा नाही. तो माफसूचा, म्हणजे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा. त्याच्या तारखा वेगळ्या येतात आणि मेडिकलच्या गडबडीत निसटून जातात. नीटचा निकाल लागला त्याच आठवड्यात माफसूची वेबसाइट उघडून बघा, आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.